तुम्ही विचारलंत म्हणून: भुऱ्याच्या तोंडाला जाळी का?

"चावतो का हो?" आणि लगेच पाठोपाठ, "बिचाऱ्याचं तोंड कशाला बांधलंय?" भुऱ्याला फिरवताना हे दोन प्रश्न चुकत नाहीत, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

तोंड बांधलेलं नाही. नीट बघा, ती टोपलीसारखी जाळी आहे. आत त्याचा जबडा पूर्ण उघडतो, तो धापा टाकतो, पाणी पितो, फटीतून पनीरचा तुकडा घेतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो. नागपूरच्या मे महिन्यात ती वाट बंद केली की काय होतं, ते मी पाहिलंय.

गाडीची धडक बसून त्याचा मागचा पाय मोडला होता. दवाखान्यात त्या पायाला हात लागला तेव्हा त्याने दात दाखवले. इतक्या वेदनेत कोणताही कुत्रा दाखवेल. कंपाउंडरने बँडेजच्या पट्टीचे वेढे घालून जबडा आवळला आणि कानांमागे गाठ मारली. दोन मिनिटांच्या तपासणीपुरतं ते चाललं असतं. पण एक्स-रेला रांग होती, पंखा गरम हवा फेकत होता आणि पट्टी तशीच राहिली. भुऱ्याच्या नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या, ओठांच्या कडेने फेस येत होता. मी म्हणाले, सोडा. ते म्हणाले, चावेल. मी पुन्हा म्हणाले. हिरड्या गडद लाल झाल्या, मान टेबलावर पडली. तेव्हा आतून दुसऱ्या डॉक्टर आल्या, त्यांनी पोटाला हात लावला आणि काही न बोलता कात्रीने पट्टी कापली. ताप १०६ होता. पोटावर, पंजांवर पाणी ओतत बसलो. तो वाचला. पण पुढे कितीतरी दिवस माझ्या हातात साधा रुमाल दिसला तरी तो खाटेखाली शिरायचा.

"आणि तरी तुम्हीच जाळी आणलीत?" हो. पूर्वीची मी म्हणायची, जनावराच्या तोंडाला काहीही लावणं हा अत्याचारच. तिला मी आजही पूर्ण खोडून काढू शकत नाही. पण पायाचं ड्रेसिंग व्हायचंच होतं, आणि जाळी नसती तर पुन्हा कोणीतरी पट्टीच गुंडाळली असती. आणि हो, तो चावलाय. मलाच, घरी ड्रेसिंग सोडताना. त्याच्या लसी झालेल्या होत्या, तरी मी इंजेक्शनं घेतली.

जाळी मी त्याच्या तोंडावर कधीच चढवली नाही. आतल्या टोकाला घट्ट दही लावायचं, जाळी हातात स्थिर धरायची आणि थांबायचं. नाक त्याने स्वतः आत घालायचं, हवं तेव्हा काढायचं. (पीनट बटरही चालतं, पण त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, नको; कुत्र्यासाठी ते विष आहे.) जाळीचा पट्टा कितीतरी दिवस लावलाच नाही. मग क्षणभर लावून, तो चाटत असतानाच काढला. पंजाने ओरबाडलं की समजायचं, आपण घाई केली. एक पायरी मागे. फक्त दवाखान्याच्या दिवशी जाळी बाहेर काढली असती तर तिचीही त्याला धास्ती बसली असती, म्हणून ती जेवणाआधी, गच्चीवर, खेळतानाही घातली. माप महत्त्वाचं: नाकाचं टोक जाळीला घासू नये, कड डोळ्यांशी येऊ नये, पट्ट्याखाली एक बोट जावं. आणि जाळी घालून त्याला एकटं सोडायचं नाही.

आता पाय बरा आहे. मग रोज का? कचऱ्याच्या कोपऱ्यावरची कोंबडीची हाडं तो गिळतो म्हणून, आणि सवय मोडू नये म्हणून. ही कारणं खरी आहेत. पण पूर्वी शाळेतली मुलं त्याच्या गळ्यात पडायची, ती आता रस्ता ओलांडतात. तो शेपूट हलवत त्यांच्याकडे बघत राहतो. शेजारच्या काकू म्हणतात, दवाखान्यापुरती ठेव. काही सकाळी मला त्यांचं पटतं, आणि कोपऱ्यावर हाडं दिसली की पटत नाही.