तुम्ही विचारलंत म्हणून : त्रेसष्ट की साठ तीन?

माझी मुलगी जून २०२० मध्ये पहिलीत गेली आणि वर्गातल्या बाकावर बसली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये, दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर. त्यामुळे 'इतके दिवस तुम्ही तिला घरी शिकवलंत तरी कसं?' असे मला अजूनही विचारले जाते. खरे सांगायचे तर मी फारसे शिकवलेच नाही. माझे कार्यालय जेवणाच्या टेबलावर आले होते, आणि मुलीचा अभ्यास सासूबाईंच्या गळ्यात पडला.

पहिली-दुसरीच्या ऑनलाइन वर्गाला राज्य सरकारने जुलै २०२० मध्येच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन सत्रांची मर्यादा घातली होती. तेवढाही वेळ आमच्या बाईसाहेबांना जड जाई. खरा अभ्यास दुपारी, सासूबाईंसमोर, चिंचोक्यांचा डबा उघडल्यावर सुरू होई.

दुसरीत गेल्यावर ती एका ठिकाणी अडली. 'त्रेसष्ट' म्हटले की ती ३६ लिही आणि 'पंचेचाळीस' म्हटले की ५४. यात तिची चूक नव्हती, कारण मराठीत एककाचा आकडा आधी ऐकू येतो आणि लिहिताना मात्र दशक आधी लिहावे लागते. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असेही वाचन आले, तेव्हा २०१९ मध्ये त्यावर केवढा गदारोळ झाला होता, आणि 'आता हेच बघायचं राहिलं होतं' असे म्हणणाऱ्यांत सासूबाईही होत्या. त्याच सासूबाईंनी दहा-दहा चिंचोके घातलेल्या सहा वाट्या ओळीने मांडल्या, बाजूला तीन चिंचोके सुटे ठेवले आणि नातीकडून 'साठ तीन, त्रेसष्ट' असे मोठ्याने म्हणवून घेतले. आठवडाभरात आकडे सरळ झाले. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांचा घोळ मात्र बरेच दिवस टिकला. तो माझाही अधूनमधून होतो.

हे सारे जमले ते घरात रिकामी दुपार असलेली आजी होती म्हणून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरात एकच फोन होता आणि तो सकाळी त्यांच्या यजमानांबरोबर बाहेर जाई; त्यांच्या पहिलीतल्या मुलाचे वर्ग कधी भरले आणि कधी सुटले, हे त्याला कळलेही नाही. म्हणून कोणी आमची 'पद्धत' विचारली की मला संकोच वाटतो.

शिवाय जे राहून गेले, ते आमच्या लक्षातही आले नव्हते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वहीत 'अपूर्ण' असा लाल शेरा आला. जोडाक्षरांसकट सगळे वाचणाऱ्या मुलीला फळ्यावरचे वहीत उतरवता येत नव्हते. एक अक्षर पाहायचे, मान खाली घालून लिहायचे आणि मान वर केली की ओळ हरवायची. घरी पुस्तक, पाटी, पडदा सगळे नाकासमोर होते; दूरचे वाचून, ते मनात धरून लिहायची वेळ तिच्यावर दीड वर्षात आलीच नव्हती.

जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, तेव्हा सासूबाईंनी पाटी समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि नातीला खोलीच्या दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसवले. पाटीवर पहिल्या दिवशी दोनच शब्द होते, दुसऱ्या दिवशी तीन.