ट्रेलर-तंबू घेऊन भंडारदऱ्याला: आधी तो मिटलेला बघा

काजव्यांचा मोसम, मुलांची सुट्टी आणि निगडीच्या मित्राचा विकायला काढलेला ट्रेलर-तंबू, असे तीन योग एकदम जुळून आले. मित्राची मुलं मोठी झाली, आता ती बापाबरोबर कुठे यायला तयार नाहीत. त्याने भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून तो बनवून घेतला होता. म्हणाला, "विकत घ्यायच्या आधी दोन रात्री वापरून बघ. बोलेरो पण घेऊन जा, तुझी गाडी माझ्याकडे ठेव." आमच्या छोट्या गाडीच्या पुस्तकात ट्रेलर ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. तुम्हीही तंबू बघायच्या आधी आपल्या गाडीचं पुस्तक उघडा. किती किलोपर्यंत ओढता येईल ते त्यात नसेल, तर पुढचं सगळं हवेतलं.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: दोन चाकांवर एक चपटी पेटी. दोन्ही बाजूंची फळी बाहेर उलटली की दोन पलंग होतात, खाली पाय लावायचे, वर कमानींवर कापड ताणायचं, पुढे ओसरीसारखा मांडव. पलंग जमिनीपासून अडीच फुटांवर. आईचे गुडघे बघता हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. जमिनीवरच्या तंबूत तिला रात्री उठवायला दोन माणसं लागतात, आणि गाडीच्या टपावरच्या तंबूची शिडी ती चढणार नाही. शिवाय टपावरचा तंबू गाडी हलवायची म्हटली की मिटवावा लागतो. इथे ट्रेलर सोडून ठेवायचा आणि मोकळ्या गाडीने रतनवाडीला अमृतेश्वर बघून यायचं.

कोथरूडहून बुधवारी पहाटे पाचला निघालो. मुद्दाम बुधवार, कारण काजव्यांच्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर ट्रेलर घेऊन जाणं म्हणजे लग्नाच्या वरातीत बैलगाडी घालणं. चाकण गर्दीच्या आधी ओलांडलं. मंचरच्या अलीकडे सत्तरच्या वेगात एक एसटी शेजारून गेली आणि मागे काहीतरी नाचायला लागलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि प्रत्येक झोक्याला बोलेरोची शेपूट ओढली जात होती. ब्रेक दाबायचा मोह आवरला, नुसता पाय काढला, गाडी हळू होऊ दिली. मग थांबलो.

चूक आमची होती. पाण्याचे दोन वीस-वीस लिटरचे कॅन आणि गॅसची टाकी मागच्या कोपऱ्यात होती, कारण तिथे दार होतं आणि टाकायला सोपं. मागे वजन गेलं की पुढचा दांडा हुकवरून उचलला जातो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. जड सामान चाकांच्या वर आणि जरासं पुढे, हा नियम. घरी तपासायची सोपी युक्ती मित्राने नंतर सांगितली (आधी सांगितली असती तर!): दांड्याच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली आंघोळीच्या खोलीतला वजनकाटा ठेवायचा, ट्रेलर आडवा राहील इतक्या उंचीवर. आमच्या सामानासकट तिथे पन्नास किलोच्या आसपास यायला हवं होतं. परतल्यावर मुद्दाम पहिल्यासारखं सामान लावून बघितलं, तर काटा अठ्ठावीस दाखवत होता.

नारायणगावला मिसळ खाल्ली, पण गाडी लावायला हॉटेलपासून अर्धा किलोमीटर पुढे जावं लागलं. हे गृहीत धरा. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोचायला सात तास लागले. नेहमी पाचात होतं.

मुक्कामाची जागा एका शेतकऱ्याच्या रानात, जलाशयाच्या काठावर, आधीच ठरवलेली. काका म्हणाले, "साहेब, माळावर लावा. खाचरात नका उतरवू, वळीव आला तर बाहेर निघायची नाही." पण खाचरातून पाणी जवळ होतं, जमीन विटेसारखी कडक होती, आणि फोटो चांगले येणार होते. आम्ही खाचरात उतरवली.

उभारायला पहिल्यांदा पाऊण तास लागला. चाकांना दोन्हीकडून दगड लावा, आणि चार कोपऱ्यांच्या पायांखाली फळीचे तुकडे ठेवा, नाहीतर रात्रीत एक कोपरा रुततो आणि पलंगाला उतार येतो. मांडवाच्या खुंट्या कडक जमिनीत वाकल्या. काकांनी लोखंडी पहार दिली तेव्हा काम झालं.

काजवे अपेक्षेपेक्षा चांगले दिसले. एका सादड्याच्या झाडावर इतके, की झाड श्वास घेतंय असं धाकटी म्हणाली. बॅटरी लावू नका, गाडीचे दिवेही नाही. एवढंच त्याबद्दल, कारण रात्री दोनला वळीव आला.

कापडाविषयी जे काही वाचलं होतं ते त्या दीड तासात कळलं. हा तंबू कापूस-पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाचा. ते जड असतं, पण श्वास घेतं. नुसत्या लेपवाल्या पॉलिएस्टरमध्ये पाच माणसांच्या श्वासाचंच पाणी सकाळी अंगावर पडतं. मात्र भिजलेल्या सुती कापडाला आतून हात लावायचा नाही. मुलाला हे सांगितलं, म्हणून त्याने लगेच बोटाने एक रेघ ओढली. रेघेच्या खालच्या टोकाला एक थेंब जमला, मोठा झाला, आणि बरोबर आईच्या उशीवर पडला. मग दुसरा. पाऊस थांबेपर्यंत तिथे वाटी ठेवली होती. मांडव नव्याने शिवलेला, त्याच्या शिवणीतूनही पाझरलं. नवं कापड दोन-तीनदा नळीने भिजवून पूर्ण वाळवलं की धागे फुगून सुईची भोकं बुजतात. हे अंगणात करायचं काम, भंडारदऱ्यात नाही.

सकाळी खाचराचा चिखल झाला होता. बोलेरोची मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. काका ट्रॅक्टर घेऊन आले, एक शब्द बोलले नाहीत. मावशी मात्र चहा देताना म्हणाल्या, "पुण्याची माणसं ऐकतात, पण भिजल्यावर." दुसरी रात्र माळावर काढली, उत्तम झोप लागली. मधल्या दिवशी विल्सन धरण बघितलं. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं दगडी बांधकाम, आईला त्याच्या खालच्या बागेत बसायला फार आवडलं.

खरी परीक्षा कोथरूडला झाली. शुक्रवारी पहाटे पुन्हा पाऊस झाला, त्यामुळे तंबू ओलाच मिटवून आणला होता. ओलं सुती कापड मिटून ठेवलं की तीन-चार दिवसांत काळे ठिपके पडतात आणि ते परत जात नाहीत. म्हणजे घरी पोचताच उघडायचा. कुठे? पार्किंगमध्ये त्याची लांबी दांड्यासकट सव्वातीन मीटर, उघडल्यावर रुंदी जवळपास पाच. शेवटी कापड कमानींवरून सोडवलं आणि बायको, मी, वॉचमनदादा अशा तिघांनी ते तीन जिने चढवून गच्चीवर नेलं. सेक्रेटरी काकांनी विचारलं, "लग्न आहे का?" तीन दिवस, मधूनमधून सरी चुकवत, ते तिथे होतं. शेजारच्या काकूंनी एका कोपऱ्यावर पापड घातले.

त्याआधी ट्रेलर रिव्हर्स घेऊन रॅम्पवरून आत आणायला वीस मिनिटं आणि एक कुंडी गेली. छोटा ट्रेलर चटकन दुमडतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात हलवायचा, म्हणजे डोकं गोंधळत नाही. किंवा सरळ हुक सोडून पुढच्या छोट्या चाकावर ढकलत न्यायचा. रिकामा साडेचारशे किलोचा आहे, तिघांत सपाटीवर हलतो. रॅम्पवर हा प्रयोग करू नका.

घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला उघडून दाखव म्हणू नका, ते तो दाखवणारच. मिटलेला बघा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी आणि नंबरप्लेट लागते. कागद आधी मागा. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. उभ्या ट्रेलरचे टायर नक्षी शिल्लक असतानाच म्हातारे होतात. चाक उचलून हाताने फिरवा, घरघर आली तर बेअरिंग गेलं. मग दिव्यांची वायर जोडून मागे माणूस उभा करा. आणि कापडाची घडी नाक लावून हुंगा. कुबट वास आला तर पुढे बोलूच नका.

मित्राच्या ट्रेलरला कुबट वास नव्हता, टायर मात्र बदलायचे आहेत. रविवारी बायकोने टेप घेऊन आमचं पार्किंग मोजलं. आमची गाडी उभी करून मागे एक मीटर दहा सेंटीमीटर उरतात. तिने मित्राला फोन लावला आणि विचारलं, "अर्धे पैसे आम्ही दिले तर तो निगडीला तुमच्या अंगणातच राहील का?" वहिनींना विचारून सांगतो म्हणालाय.