सतरावा सीन

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

सतरावा सीन आज चौथ्यांदा खोडला. ज्या फँटसी कादंबरीवरून ही पटकथा लिहायचीय, तिच्यात इथे तीन पानं आहेत आणि घडत काहीच नाही. मेलेल्या भावाची तलवार मांडीवर घेऊन नायिका विचार करत बसलीय, बस्स. वाचताना हीच तीन पानं मला सगळ्यात जास्त आवडली होती. पण पटकथेत दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. ‘तिला आठवतं’ असं मी लिहिलं, तर कॅमेऱ्याने करायचं काय?

पहिल्या खर्ड्यात सरळ व्हॉइसओव्हर टाकला होता. मोठ्याने वाचून पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली. दुःख राहिलं बाजूला, बाई तलवारीवरच्या शापाचे नियम समजावत बसली होती! फँटसीत हे दुखणं दुप्पट. त्या जगातले शाप, घराणी, कायदे वाचकाला पात्राच्या डोक्यातूनच कळत असतात. विचार काढले की माहितीही जाते, मग माहिती वाचवायला विचार ठेवायचा मोह होतो. १९८४ च्या ‘ड्यून’ चित्रपटात पात्रांचे विचार कुजबुजत ऐकू येतात, त्यातले बरेचसे मला पाट्यांसारखे वाटतात. २०२१ च्या ‘ड्यून’ने ती कुजबुज काढली. तिथे मायलेक शत्रूच्या देखत हातांच्या खुणांनी बोलतात, आणि मनातलं आपल्यापर्यंत पोचतं.

संध्याकाळी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या ‘टू टॉवर्स’मधला, दुभंगलेल्या मनाच्या गॉलमचा प्रसंग पुन्हा पाहिला (काम टाळायचं असलं की ‘अभ्यास’ करावा). पुस्तकात त्याचं स्वतःशी चाललेलं भांडण अर्धवट जागा झालेला त्याचा सहप्रवासी सॅम ऐकतो. गॉलमच्या डोळ्यांत आळीपाळीने फिकट आणि हिरवा उजेड येतो. २००२ च्या चित्रपटात सॅम ऐकत नाही, डोळ्यांतला उजेडही नाही. दोन माणसं समोरासमोर बसून बोलत असावीत तसे शॉट कापलेत. एकाच तोंडाचे दोघं झाले, आणि ते स्वगत आहे हेच आपण विसरतो.

माझ्या बाईचं मन असं दुभंगलेलं नाही. तिला फक्त क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, भाऊ गेला म्हणून. ते ती कुणाला सांगणार? मैत्रीण घुसडून पाहिली, तर मैत्रीण नुसती ‘मग?’ ‘मग?’ करत राहिली.

मग मुठीकडे लक्ष गेलं. मुठीवरची चामड्याची पट्टी भावाच्या मोठ्या पंजाच्या मापाची असणार. ती पट्टी सोडवते, आपल्या मापाने पुन्हा गुंडाळते, हवेत एक वार करून बघते. आणि दारात कुणी उभं नाही ना, हे मागे वळून पाहते. संवाद शून्य.

शापाचे नियम तेराव्या सीनमधल्या लोहाराच्या गळ्यात घातले. त्याला तसंही तिथे काही काम नव्हतं.

आत्ता कपाटातून जुनी रॅकेट काढून ग्रिप सोडवून गुंडाळून पाहिली. सहा मिनिटं लागली. मला सीनसाठी मिळालंय एक.