तुम्ही विचारलंत म्हणून: पळणाऱ्याला योगा कशाला?

सकाळी पळून झालं की पाणी पिता पिता ग्रुपमधलं कोणीतरी हमखास विचारतं, ताई, एवढं पळता मग वर योगा कशाला, स्ट्रेचिंग तर आम्ही पण करतोच की. हल्ली फोन करून पण विचारतात, म्हणून एकदा सविस्तरच लिहिते.

योगा म्हणजे अंग लवचीक करायचं असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण पळणाऱ्याला फार लवचीक व्हायची गरज नसते, पोटरीत आणि टाचेच्या शिरेत (म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीत) थोडा ताठपणा लागतोच, त्याच्या जोरावरच पाऊल उचललं जातं. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एका पायावर नीट उभं राहता येतं. बघा ना, पळताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर कधीच नसतात, मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात आणि दरवेळी वजनाच्या दोन-तीन पट भार एकट्या पायावर येतो. त्यात कंबर जरा एका बाजूला कलत असेल तर ती तशीच हजारो वेळा कलते, मग गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते आणि आपण नवीन शूज शोधत बसतो.

म्हणून मी सगळ्यांना आधी वृक्षासनच, म्हणजे एका पायावर उभं राहायचं आसन, करायला सांगते. बूट-मोजे काढून, फरशीवर, आरशासमोर. उचललेलं पाऊल गुडघ्यावर टेकवायचं नाही, मांडीला नाहीतर पोटरीला लावायचं. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा आणि बघा, ज्या बाजूचा पाय उचललाय ती बाजू हळूच खाली येते आणि उभ्या पायाचा खुबा बाहेर जातो. तो आत घेतला की कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू काम करायला लागतो, घोटा थरथरतो, तळव्यात अंगठ्याचा बुंधा, करंगळीचा बुंधा आणि टाच असं तिन्हीकडे वजन सारखं राहतंय का ते कळतं. बहुतेकांची एक बाजू दुसरीपेक्षा डळमळीत निघते. हे पळताना कधीच लक्षात येत नाही, तेवढा वेळच नसतो!

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा प्रॉब्लेम वेगळा, त्यांची जांघ पुढून आखडलेली असते, पाय मागे जातच नाही मग कंबरेत बाक येतो आणि ती दुखते. त्यांनी अंजनेयासन करावं, म्हणजे एक पाय पुढे वाकवून दुसरा मागे लांब टेकवायचा, मागच्या गुडघ्याखाली घडी केलेली चादर घेऊन. हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी, सुप्त पादांगुष्ठासन, पाठीवर झोपून पावलात पट्टा अडकवायचा आणि पाय सरळ वर घ्यायचा, पट्टा नसेल तर ओढणी चालते. पट्टा घेण्यात कमीपणा काहीच नाही, पुण्यात बसून बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, विटा, खुर्च्या वापरून जगभर योग शिकवला.

वेळेचं मात्र सांभाळा. पळायच्या आधी मिनिट-मिनिटभर ताणून धरलं तर स्नायूंचा जोर तात्पुरता कमी होतो, तेव्हा आधी पाय झुलवणं, थोडे सूर्यनमस्कार एवढंच, आणि धरून ठेवायची आसनं पळून झाल्यावर किंवा संध्याकाळी.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे आमच्यात खूप आहेत, त्यांना तर मी मागेच लागते. त्या शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो म्हणून सगळे चढाचीच प्रॅक्टिस करतात, पण मांड्या भरतात त्या उतारावर, कारण तिथे स्नायू लांब होत होत भार पेलतो. उत्कटासनात, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून, थांबून सावकाश श्वास सोडायची सवय असली की मांड्या तयार होतात आणि चढावर छाती भरून आली तरी श्वास लांबवणं जमतं. घाट उतरून घरी आलं की भिंतीला पाय लावून विपरीत करणी, त्याच्याइतकं सुख दुसरं नाही.

योगा केला म्हणजे इंज्युरी होणारच नाही असं मी कोणालाच सांगत नाही, ताकदीचे व्यायाम लागतातच. आणि एक नक्की लक्षात ठेवा, बसताना जे हाड टेकतं तिथेच, मांडीच्या मागे अगदी वर, दुखत असेल तर पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं) लगेच बंद करा. ताणलं की बरं वाटेल म्हणून लोक तेच जास्त करतात, पण तिथली, स्नायू हाडाला जोडणारी शीर हाडावर दाबली जाऊन दुखणं वाढतं. तेव्हा सेतुबंधासन करा, म्हणजे पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचला, आणि दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर फिजिओला दाखवा.