आत्याच्या किटलीखालचा शिक्का कुणाचा? माझा अनुभव

स्टुडिओ पॉटरी म्हणजे कारखान्यात साच्यातून न काढता एकट्या माणसानं नाहीतर छोट्या वर्कशॉपमधी हातानं केलेली भांडी. असं एखादं भांडं हाती लागलं की सगळे आधी ते उलटं करून शिक्का बघतात आणि फोटो काढून गुगलला टाकतात. मी जे शोधलं त्यावरून सांगतो, शिक्का शेवटी बघा, आधी भांडं बघा.

आमच्या आत्याकडं नांदेडला एक किटली आहे. काळपट तपकिरी, जिथं काठाला ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) पातळ झालंय तिथं गंजासारखी लालसर, वरती वेताचा हँडल. मामा, म्हणजे आत्याचे मिस्टर, बँकेत होते, बदलीवर चेन्नईला असताना त्यांनी ती तिकडून आणलेली, बाकी आत्याला काही आठवत नाही आणि मामा आता राहिले नाहीत. बुडाजवळ नखाएवढा शिक्का आणि त्यात तीन आकड्यासारखं काहीतरी. आत्या म्हणायची, "अरे, सेटमधला तीन नंबर असंल." पण इतकी देखणी वस्तू ज्यानं केली त्याचं नाव घरात कुणाला माहीत नसावं हे माझ्या मनाला पटेना, म्हणून मागं लागलो.

पहिलं काम, ती खरंच हातची आहे का ते बघणं. झाकण काढून आत बॅटरी मारली तर बोटांच्या गोल गोल वळ्या खालपासून वरपर्यंत दिसल्या, म्हणजे चाकावरची. पण मला जास्त खात्री तोटीच्या मुळाशी पटली. चहाची पत्ती अडावी म्हणून तिथं भोकं पाडलेली असतात, ती एकसारखी नव्हती, एक जरा तिरपं, दोन एकमेकाला चिकटून, आणि एका भोकाच्या कडेला आत ढकलला गेलेला मातीचा कण तसाच भाजून राहिलेला, वर ग्लेझ बसून मण्यासारखा झालेला. कुणीतरी माती अजून ओलसर असताना एकेक भोक हातानं पाडलंय, ते बघून खरं सांगतो अंगावर काटा आला. बुडाला तारेनं चाकावरून कापल्याची शिंपल्यासारखी नक्षीपण होती. प्रदर्शनात उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचा जो स्वस्त माल मिळतो त्यात बहुतेक हे काही दिसत नाही, तो जास्त करून साच्यातला असतो.

मग माती. बुडाच्या कड्याला ग्लेझ नसतं, तिथं पाण्याचा थेंब ठेवायचा. आमच्या गल्लीतल्या कुंभारकाकांचा माठ आव्यात साधारण 700 ते 900 अंशाला भाजतो, तो पाणी पितो आणि म्हणून तर पाणी गार होतं. इथं थेंब तसाच उभा राहिला, म्हणजे स्टोनवेअर, 1250 ते 1300 अंशाच्या आसपास भाजलेलं. तडा आहे का ते ऐकून कळतं. तेरचे गोरोबाकाका, त्यांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं ही गोष्ट आपल्याकडं लहान लेकरालापण माहीत आहे, तर तसंच, तळहातावर किटली धरून टिचकी मारायची. टण्ण वाजली. तडा असता तर भद्द आवाज आला असता.

रंगावरूनपण कळतं. काळा-तपकिरी आणि काठावर गंजाचा रंग म्हणजे टेनमोकू, लोखंडाचं प्रमाण जास्त असलेलं ग्लेझ, मूळ चीन-जपानकडचं. बुडाची माती भाजलेल्या भाकरीच्या रंगाची आणि तिच्यात काळे ठिपके, हे सहसा गॅसच्या नाहीतर लाकडाच्या भट्टीत हवा कमी सोडून भाजलं की येतं. आता चेन्नईचा भाग, असं स्टोनवेअर, असं ग्लेझ, म्हणलं की पुद्दुचेरीकडं लक्ष जातंच, कारण तिथं 1971 मधी रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडीनं गोल्डन ब्रिज पॉटरी हे वर्कशॉप काढलं आणि तिथं शिकून कितीतरी जण बाहेर पडले. उत्तरेत सरदार गुरचरण सिंग यांचं दिल्ली ब्लू हे वर्कशॉप, 1952 चं, ते जपानला शिकून आलेले, पण तिकडची ओळख निळ्या ग्लेझची. हे अंदाज आहेत, पुरावा नाही, पण शोधायचं कुठं ते ह्यानंच ठरतं.

आता शिक्का. आत ग्लेझ साचलं होतं म्हणून सरळ उजेडात काही दिसेना. खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी एकदम आडवी, बुडाला टेकवून धरली, मग सावल्या पडल्या. वरून पातळ कागद ठेवून पेन्सिल तिरपी घासली. आणि तीनच्या खाली डावीकडं वळलेली शेपटी उमटली. तो उ होता. कडा सगळ्या सारख्या खोल, म्हणजे दाबलेला शिक्का, काडीनं कोरलेलं असतं तर खोली कमीजास्त असती आणि कडेला मातीची बारीक धार उठली असती. ॲसिड-बिसिड अजिबात लावू नका, मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरे.

शिक्क्यांचं जग लै मोठं आहे. इंग्लंडच्या सेंट आयव्हजला इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी 1920 मधी पॉटरी काढली, तिथल्या भांड्यांवर बऱ्याचदा दोन शिक्के, एक पॉटरीचा आणि एक करणाऱ्याचा स्वतःचा. म्हणून एक शिक्का सापडला की थांबू नका, हँडलच्या मुळाशी, झाकणाच्या आत, सगळीकडं बघा. हमादा तर जपानला परतल्यावर पुढं भांड्यावर सही करायचेच नाहीत, सही लाकडी पेटीवर. आणि नुसत्या शिक्क्यावर भरवसा का ठेवू नये, तर 1980 च्या दशकात तिकडच्या फेदरस्टोन तुरुंगातल्या कैद्यांनी लीचच्या शिक्क्याची नक्कल मारून भांडी केली आणि ती लिलावापर्यंत पोचली!

इंग्लंडच्या शिक्क्यांची जाडजूड पुस्तकं आहेत. आपल्याकडं मात्र माणसांनाच विचारावं लागतं, आणि माणसं मनापासून सांगतात. संभाजीनगरला एक ताई पॉटरी शिकवतात, त्यांना फोटो पाठवले. त्यांनी लगेच नाव सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. म्हणल्या, "दादा, शिक्क्याचा फोटो ठीक आहे, पण अख्ख्या बुडाचा, तोटीच्या जोडाचा आणि झाकणाच्या खालच्या बाजूचा पाठवा, आणि शिक्क्याशेजारी पट्टी ठेवा." पट्टी कशाला तर माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते, एकाच ठशाचं माप मातीप्रमाणं थोडं बदलतं, पण फार मोठा फरक असंल तर ठसा दुसरा. फोटो बघून त्यांनी ते पुद्दुचेरीला शिकलेल्या एका बाईंकडं पुढं पाठवले, त्या आता पुण्याजवळ काम करतात.

त्यांचा फोन आला. त्यांनी पहिलं झाकणाबद्दल विचारलं, आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबल्याचा खळगा आहे का? होता. म्हणल्या मग माझीच, झाकण उचलताना सरकू नये म्हणून मी तो करायचे. उ त्यांच्या नावाचा, स्वतः मातीत उलटा कोरून भाजलेला ठसा, तो पुढं फुटला आणि 1998 पासून त्या पूर्ण नाव कोरायला लागल्या, म्हणजे किटली त्याच्या आधीची, आणि मामांची चेन्नईची बदली 1995 ते 97, जुळलं. आत्याशीपण त्या बोलल्या. आत्यानं त्यांना विचारलं, हिच्यात चहा केला तर चालंल का, का नुसती शोकेसमधीच ठेवू? त्या म्हणल्या, "अहो काकू, चहासाठीच केलीय ती, फक्त आधी कोमट पाण्यानं विसळून घ्या आणि गॅसवर ठेवू नका."