२ चा ६४ वा घात अधिक १: कामाची पुढची नोंद

मागील नोंदीत ४२९४९६७२९७ ही फर्मा संख्या (२ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकी एक) ६४१ ने कशी भागली जाते ते तपासून झाले होते. आता तिच्या पुढची, म्हणजे २ च्या ६४ व्या घातात १ मिळवून येणारी १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही वीस अंकी संख्या अवयव शोधण्यासाठी घेतली आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक आणि पुढे प्रत्येक घरात दुप्पट ठेवलेल्या दाण्यांच्या प्रसिद्ध एकूण संख्येपेक्षा ती फक्त २ ने मोठी आहे. दाण्यांची ती संख्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ या आधीच्या सहाही फर्मा संख्यांचा गुणाकार असल्यामुळे, त्यांपैकी कोणाचाही मूळ अवयव आपल्या संख्येत असता तर त्याने २ लाही भागले असते. या सर्व संख्या विषम असल्याने ते अशक्य आहे, त्यामुळे जुन्या अवयवांचा येथे काहीही उपयोग नाही.

शोधाचे क्षेत्र मात्र फ्रेंच गणिती ल्यूका यांच्या १८७८ मधील निष्कर्षामुळे बरेच आटोक्यात येते: या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव २५६क + १ या रूपाचाच (क ही एखादी पूर्ण संख्या) असला पाहिजे. त्यातही क ला ३ ने भागून २, ५ ने भागून ४, ७ ने भागून ५, ११ ने भागून ७ किंवा १३ ने भागून १० बाकी उरत असेल, तर २५६क + १ हीच संख्या अनुक्रमे त्या भाजकाने भागली जाते, आणि असे क आधीच गाळता येतात. एवढ्या चाळणीनंतर शेकडा अडतीसच्या आसपास उमेदवार उरतात. यश क = १०७१ ला येते, म्हणजे अवयव २७४१७७ हा आहे.

त्याचा पडताळा वीस अंकी भागाकार न करता घेता येतो, आणि मला या कामातील सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. २ पासून वर्ग करीत गेल्यास ४, १६, २५६, ६५५३६ असे येते. पुढचा वर्ग ४२९४९६७२९६ असून त्याला २७४१७७ ने भागल्यावर २५८७६८ बाकी राहते. ती भाजकापेक्षा १५४०९ ने कमी असल्यामुळे तिच्या जागी उणे १५४०९ धरता येते. आपली संख्या ४२९४९६७२९६ च्या वर्गापेक्षा १ ने मोठी आहे, म्हणून आता १५४०९ चाच वर्ग पुरतो: तो २३७४३७२८१ असून त्यात १ मिळवल्यावर नेमका २७४१७७ × ८६६ हा गुणाकार मिळतो. भागाकार पूर्ण केल्यास दुसरा अवयव ६७२८०४२१३१०७२१ येतो आणि तोही मूळ आहे. गणिती क्लाउसेन यांनी १८५५ मध्ये गणिती गाउस यांना लिहिलेल्या पत्रात हे अवयव दिले होते. फ्रेंच गणिती लांद्री यांनी ते १८८० मध्ये स्वतंत्रपणे काढले, तेही वयाच्या ८२ व्या वर्षी.

यानंतर दोन वर्गांच्या बेरजेकडे वळलो. आपली संख्या उघडच ४२९४९६७२९६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फार तर एकाच प्रकारे मांडता येते, परंतु येथे ४०४६८०३२५६ आणि १४३८७९३७५९ यांच्या वर्गांची बेरीजही तीच भरते. म्हणजे एकही अवयव ठाऊक नसताना केवळ या दोन मांडण्यांवरून संख्या संयुक्त ठरते. एवढेच नव्हे, तर सम पदांची वजाबाकी २४८१६४०४० आणि विषम पदांची वजाबाकी १४३८७९३७५८ यांचा मसावि १७८ येतो. त्याच जोड्यांच्या बेरजा ८३४१७७०५५२ आणि १४३८७९३७६० असून त्यांचा मसावि १०३२ आहे. या दोन्ही मसाविंची निमपट ८९ आणि ५१६, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज पुन्हा २७४१७७.

अर्थात दुसरी मांडणी मी अवयवांवरूनच उलट बाजूने रचली आहे, त्यामुळे हा शोध नसून पडताळाच आहे. यापुढील ३९ अंकी फर्मा संख्येचा लहान अवयवच १७ अंकी असल्याने तेथे क ची चाळणी निरुपयोगी आहे. तिचे अवयव मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी १९७० मध्ये सतत अपूर्णांकांच्या (ज्यांच्या छेदात पुन्हा अपूर्णांक येत राहतात अशा अपूर्णांकांच्या) पद्धतीने, संगणकावर काढले. तीच पद्धत आधी या वीस अंकी संख्येवर चालवून पाहण्याचे ठरवले आहे.