कॉर्नवॉलच्या कड्यावरून, वाऱ्याचा हिशेब करीत

जळगावच्या माणसाला समुद्र तसा लांबचाच. त्यामुळे पाठीवर पिशवी टाकून इंग्लंडमध्ये फिरताना सेंट आईव्हज ते झेनोर ही कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची पायवाट निवडली, तेव्हा माझ्या आणि माझ्या धुळ्याच्या मित्राच्या गाठीला अनुभव होता तो सातपुड्यातल्या आणि सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीचा. त्यातला निम्मा तिथे उपयोगाचा नाही, हे पहिल्या तासातच कळले.

ही वाट 'साऊथ वेस्ट कोस्ट पाथ'चा एक टप्पा आहे. समरसेटमधल्या माइनहेडपासून डॉर्सेटमधल्या पूल बंदराच्या मुखापर्यंत ६३० मैल, म्हणजे हजार किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची ही वाट बऱ्याच अंशी तटरक्षकांच्या गस्तीमुळे रुळली. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायची तर प्रत्येक लहान खाडीत डोकावणे भाग होते; म्हणून वाट सरळ कुठेच जात नाही, प्रत्येक टोकाला वळसा घालते, ओढ्यात उतरते आणि पुन्हा कड्यावर चढते. नकाशावर झेनोर जेमतेम दहा किलोमीटरवर दिसते, पण ओले ग्रॅनाइटचे धोंडे आणि मधली दलदल लक्षात घेता कोरड्या दिवशीही चार-पाच तास धरावेत.

आपल्याकडे पावसात भिजणे हा आनंदाचा भाग असतो, कारण आपला पाऊस उबदार असतो. तिथे सप्टेंबरअखेरीस हवा बारा-तेरा अंशांवर असते, आणि ओल्या कपड्यांतून वारा अंगातली ऊब झपाट्याने काढून नेतो. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि वाळता वाळत नाही, म्हणून आतून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा आणि वरून वारा अडवणारे जाकीट हवे. "आपण कापूस पिकवणारी माणसं, आणि इथे कापूसच वर्ज्य!" असे मित्र म्हणाला ते खरेच होते.

खरा प्रश्न मात्र वाऱ्याचा होता. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या झालेल्या आम्ही पाहिलेल्या आहेत, पण कड्याच्या काठावर वाऱ्याच्या वेगाइतकीच त्याची दिशा महत्त्वाची ठरते. झेनोरकडे चालताना समुद्र उजव्या हाताला असतो. वायव्येचा वारा समुद्रावरून येतो, भिजवतो, डोळ्यांत खारे पाणी घालतो, पण निदान माणसाला जमिनीकडे ढकलतो. नैऋत्येचा वारा, जो त्या भागात नेहमीचा आहे, समोरून आणि थोडा जमिनीच्या बाजूने येऊन काठाकडे ढकलतो. शिवाय तो सलग वाहत नाही, मध्ये थांबतो आणि एकदम झोत येतो, आणि थांबलेल्या क्षणी पुढे झुकलेल्या माणसाचा तोल जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ब्रिटिश हवामान खात्याच्या अंदाजात सरासरी वेग आणि झोतांचा वेग वेगवेगळे दिलेले असतात. कड्यावर जायचे की नाही हे झोतांच्या आकड्यावरून ठरवावे, पावसाच्या ढगाच्या चित्रावरून नव्हे. पाठीवरची उंच पिशवी तर शिडासारखी वारा धरते, म्हणून जड सामान मुक्कामावरच ठेवलेले बरे.

आमच्या दिवशी नैऋत्येचाच वारा होता. क्लॉजी पॉइंट ओलांडेपर्यंत तो सुसह्य होता, पण रिव्हर कोव्हच्या ओढ्यापर्यंत येता येता झोतांमध्ये उभे राहणेही कठीण होऊ लागले, तेव्हा आम्ही किनारा सोडून ट्रेव्हीलच्या शेतवस्तीकडे वर चढलो. इथे नकाशाचा उपयोग होतो: किनाऱ्याला समांतर, शेतांमधून सेंट आईव्हज ते झेनोर अशी एक जुनी वाट आहे, जिच्यावरून पूर्वी शवपेट्या चर्चकडे नेल्या जात. दगडी बांधांमुळे तिथे वारा बराच कमी लागतो, चिखल मात्र काळ्या मातीच्या शेतकऱ्यालाही पुरेसा वाटेल.

झेनोरच्या चर्चमध्ये एका जुन्या लाकडी बाकाच्या कडेला मत्स्यकन्या कोरलेली आहे. गावातल्या एका गाणाऱ्या तरुणाला ती समुद्रात घेऊन गेली, अशी कथा सांगतात. आम्ही बाकावर टेकलो, मोजे पिळले आणि सेंट आईव्हजला परतणारी बस पकडली. झेनोर ते पेंडीन हा पुढचा टप्पाही खडतर मानला जातो. दुसऱ्या दिवशीही वाऱ्याची दिशा तीच राहिल्याने तो आम्ही रस्त्यानेच पार केला.